टिंबच्या पोटातली शिट्टी

संकटात डोकं थंड ठेवणारी आमच्या घरात मी एकटीच! हे मी म्हणत नाही, घरचे सगळे म्हणतात. म्हणजे निदान मी विचारल्यावर कोणी नाही म्हणत नाही. दादाला भाजी चिरताना बोट कापलं तरी भोवळ येते. आत्याला दुसऱ्याचं बोट कापलं तरी येते. आणि आई? ती कुठल्याही प्रसंगी "हो, हो" म्हणून मान हलवते आणि हातातलं काम पुढे चालू ठेवते. तेव्हा बाबा गेल्यानंतरच्या पाच महिन्यांत जे काही आवरायचं होतं, ते मीच आवरलं. यादी करून! त्यांचे कपडे, त्यांच्या वह्या, चष्म्याची सहा घरं (चष्मा मात्र एकच निघाला). काम झालं की यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारायची. रेघ अगदी सरळ यायची. हात थरथरत नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटत होतं.

शेवटची एकच ओळ उरली होती. कानाचं मशीन.

बाबांनी तीस वर्षं छापखान्यात यंत्रावर काढली. त्या यंत्राने घर चालवलं आणि बदल्यात बाबांचे कान घेतले. डाव्याने राजीनामाच दिला. उजव्याला हे मशीन बसवलं. बोराएवढं, कातडीच्या रंगाचं, आणि स्वभावाने अत्यंत चिडकं! त्याच्या फार जवळ काही आलेलं त्याला खपत नसे. उशीवर मान टेकली की शिट्टी. टॉवेलने डोकं पुसलं की शिट्टी. आणि बाबांनी कोणाला जवळ घेतलं, की त्या माणसाच्या थेट कानात शिट्टी! मला नोकरी लागली तेव्हा, दादाची सुटली तेव्हा. शेवटची अकरा वर्षं बाबांची माया आम्हाला शिट्टीसकटच मिळाली.

एवढं करून बाबांना ऐकू बेताचंच यायचं. त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडून बोलतात. "मीठ दे" म्हटलं तर पलीकडच्या इमारतीतून मीठ यावं, अशा आवाजात! बाबा गेले, आवाज तसेच राहिले.

आणि टिंब. अंगभर पांढरा, पाठीवर एकच काळा ठिपका, म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. हा कुत्रा बाबांचा. आमच्याशी त्याचे संबंध सौजन्याचे आहेत.

एका केंद्रात अशी जुनी मशीनं घेतात, दुरुस्त करून गरजूंना देतात. तिथल्या बाईंनी मला रविवारी चारला बोलावलं होतं. सकाळी मी आईजवळ गेले. ती झाडांना पाणी घालत होती. असली गोष्ट ओरडून विचारता येत नाही, म्हणून आयुष्यात प्रथमच मी तिच्याशी अगदी हळू बोलले. "आई, बाबांचं मशीन आज देऊन टाकू ना? तुला चालेल ना?"

"हो, हो," आई हसून म्हणाली आणि पुढच्या कुंडीकडे वळली.

काय धीराची बाई! माझे डोळे भरून आले. मी ते लगेच पुसले. यादीत ते नव्हतं.

दुपारचे दोन वाजले होते. रविवारी दुपारी आमचं घर पाण्याखाली गेल्यासारखं होतं. पडदा कोणीतरी आत झोपल्यासारखा फुगत होता, बसत होता. उजेडाचा एक चौकोन फरशीवरून सावकाश सरकत बाबांच्या खुर्चीखाली निघाला होता, आणि टिंब त्या चौकोनात झोपून, डोळे न उघडता, त्याच्याबरोबर सरकत होता. मी मशीन पुसलं (बटण बंदच होतं), बाबांच्या टेबलावर त्यांच्याच रुमालावर ठेवलं आणि पाकीट शोधायला आत गेले. पाकिटाबरोबर एक जुनं पुस्तक हाताला लागलं. उभ्याउभ्या त्याची चार पानं वाचली. पाचव्या पानावर रुमाल पडल्याचा आवाज आला. रुमालाचा आवाज तो केवढा! पण त्या दुपारी तेवढाही ऐकू येत होता.

बाहेर आले. रुमाल जमिनीवर, ओला. टेबल रिकामं. टिंब ओठांवरून जीभ फिरवत, एखादं अवघड वाक्य समजून घेतल्यासारखा समोर बघत बसलेला.

"टिंब! तोंड उघड!"

त्याने उघडलं. आत काहीही नव्हतं.

"गिळलं!" मी किंचाळले. आमच्या घरातली किंकाळी म्हणजे काय ते मघाशी सांगितलंच. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या.

आत्या पळत आली. "काय गिळलं? कोणी गिळलं?"

"टिंबने! बाबांचं मशीन!"

"अख्खं?"

"अर्धं कसं गिळेल, आत्या!"

"केळं चार त्याला. आमच्या धाकट्याने गोटी गिळली होती, केळ्यावर आली बाहेर!"

"आत्या, तो कुत्रा नव्हता!"

"वागायचा तसाच," आत्या म्हणाली.

तोवर दादा मिठाची बरणी घेऊन आला. "मिठाचं पाणी पाजू. उलटी झाली की सुटलो!"

"खबरदार! काही चारायचं नाही, पाजायचं नाही, उलटी करवायची नाही. आधी डॉक्टर!"

"हे कुठे वाचलंस?"

"कुत्र्यांवरच्या पुस्तकात."

"आल्या बघा पुस्तकवाल्या बाई! टिंबने वाचलंय का ते पुस्तक?"

"त्याने त्यातली दोन पानं खाल्ली आहेत!"

एवढ्यात वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन आई दारात उभी राहिली. तिने टेबलाकडे पाहिलं, टिंबकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. "अगं, पण ते मशीन..." ती म्हणाली.

"आई, तू काळजी करू नकोस! मी आहे ना!" मी तिला खुर्चीत बसवलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

या डॉक्टरबाईंचा आवाज इतका हळू आहे, की मांजरंही कान टवकारून ऐकतात. त्यांनी विचारलं, "किती वेळ झाला?"

"पाच मिनिटं!"

"वस्तू केवढी?"

"बोराएवढी! गुळगुळीत!"

"आत सेल आहे?" त्या म्हणाल्या. "नीट आठवून सांगा. सेल असेल तर प्रकरण वेगळं. तो पोट आतून भाजत जातो. तासा-दोन तासांत भोक पडू शकतं. मग मी कुत्र्याची खात्री देत नाही."

"सेल नाही!" मी म्हणाले. सेल मी बाबा गेले त्याच दिवशी, स्वतःच्या हाताने काढला होता. यादीतली ती पहिली ओळ होती.

"अगं, पण..." खुर्चीतून आई उठू लागली. मी हात वर करून तिला थांबवलं. फोनवर बोलताना मला मध्ये कोणी बोललेलं चालत नाही.

"मग घाबरू नका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दोन-तीन दिवसांत आपोआप बाहेर पडेल. त्याची शी तेवढी रोज तपासा."

फोन ठेवला आणि ही तपासणी कोणी करायची यावर चर्चा सुरू झाली. दादा म्हणाला, शोधायचं काम पुस्तकवाल्या बाईंचं. आत्या म्हणाली, तिला दिसत नाही. मी म्हटलं, तुला समोरच्या इमारतीत कोण आलं-गेलं ते दिसतं. ती म्हणाली, तो भाग वेगळा. आम्ही तिघं एकदमच बोलायचे थांबलो, आणि त्या शांततेत ती आली.

कुँईऽऽ.

बारीक. लांबून यावी तशी. अकरा वर्षं रोज ऐकलेली आणि पाच महिने न ऐकलेली.

दादाच्या हातातली बरणी तिरकी झाली आणि मीठ सावकाश फरशीवर सांडू लागलं. कोणी ती सरळ केली नाही. आत्या बाबांच्या खुर्चीकडे बघत होती. आई मात्र उशीचा अभ्रा घडी करत होती. टोकाला टोक जुळवून, शांतपणे. तिचा तो धीर बघून मला स्वतःची लाज वाटली.

शिट्टी ऐकून टिंब ताडकन उठला. कान उभे! तो धावत खुर्चीपाशी गेला. खुर्ची रिकामी. पण शिट्टी तर इथेच, अगदी जवळ! तो न्हाणीघराकडे धावला. शिट्टी तिकडे गेली. पलंगाकडे धावला, शिट्टी पलंगापाशी! जाईल तिथे बाबा नुकतेच येऊन गेलेले! त्याची शेपटी इतक्या जोराने हलत होती, की मागचा अर्धा कुत्रा हलत होता. आणि त्याच्यामागे आम्ही तिघं, या खोलीतून त्या खोलीत, चवड्यांवर, एक शब्द न बोलता. कोणी बघितलं असतं तर काय म्हटलं असतं कोण जाणे. खरं सांगू? त्या दोन मिनिटांत घरात कोणी मेलेलं नव्हतं. कोणीतरी पुढच्या खोलीत होतं, एवढंच. आम्ही पोचेपर्यंत ते त्याच्या पुढच्या खोलीत जात होतं.

मग माझं थंड डोकं जागं झालं.

शिट्टी वाजते आहे. म्हणजे गिळताना दाताने बटण दाबलं जाऊन मशीन चालू झालं आहे. म्हणजे आत सेल आहे!

"गाडी काढ!" मी ओरडले.

दादा गाडी चालवत होता. पुढे आत्या, मागे मी आणि आई, माझ्या मांडीवर टिंब. मी त्याच्या पोटावर हात ठेवला की शिट्टी वाढायची, काढला की कमी व्हायची. म्हणून काढत-ठेवत होते. चौकात लाल दिवा लागला. खिडक्या उघड्या. कुँईऽऽ! चौकातला पोलीस गोंधळून आमच्याकडे बघू लागला. शिट्टी त्याच्या ओठांत, आणि वाजते आमच्या गाडीत! त्याने आपली शिट्टी तोंडातून काढून, उलटीसुलटी करून तपासली.

"सेल कोणी घातला?" मी विचारलं.

दादाने समोरचा आरसा उगाच सरळ केला.

"अरे, त्याचा जीव जाईल! कोणी घातला?"

"मी," दादा म्हणाला. समोरच्या काचेकडे बघत. "दोन महिने झाले. एकदा दुपारी आलो होतो, तुम्ही कोणी नव्हतात. सेल घातला आणि मशीन असं मुठीत धरलं. धरलं की वाजतं ना. तेवढंच."

दिवा हिरवा झाला होता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. आत्याने पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, "चल रे बाळा, चल पुढे." दादा चव्वेचाळीस वर्षांचा आहे.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी टिंबला टेबलावर घेतलं आणि पोटाला नळी लावली. मग नळी कानातून काढून तपासली, पुन्हा लावली. "आत कोणीतरी शिट्टी वाजवतंय," त्या हळूच म्हणाल्या.

"सेल आहे!" आम्ही तिघं ओरडलो.

"ओरडू नका. बाहेर एक ससा आहे, त्याचं हृदय कमजोर आहे. सेल जुना आहे की नवा? जुना असेल तर थोडा वेळ आहे. नवा असेल तर आत्ता, या क्षणी भूल देऊन दुर्बिणीने काढायला हवा."

"जुना," दादा म्हणाला. "दोन महिन्यांचा."

"मग आधी एक्स-रे काढून..."

"काय म्हणतात त्या?" आईने आत्याला विचारलं.

आत्या तिच्या परीने कुजबुजली. बाहेर सशाच्या पिंजऱ्यात धडपड ऐकू आली. "सेल नवा की जुना, विचारतात, वहिनी! हा म्हणतो, यानेच घातलाय, दोन महिन्यांपूर्वी!"

"नवा," आई म्हणाली. "आज सकाळचा. याने घातलेला मी कधीच काढला, वन्सं. दर रविवारी मी नवा घालते. मघापासून हेच सांगत होते, पण ही बोलू देईल तर ना!"

डॉक्टरबाईंनी टिंबला उचललं, दार लोटलं आणि आत गेल्या. जाताना, दारापलीकडून, एकदा शिट्टी आली. मग नाही.

बाहेर भिंतीला लागून बाकं होती. कोपऱ्यात माशांची मोठी पेटी होती आणि तिच्यातला हिरवा उजेड छतावर हलत होता. एक म्हातारे गृहस्थ मांडीवर सशाचा पिंजरा घेऊन बसले होते. आम्हाला पाहून ते एक बाक पलीकडे सरकले. मी आईशेजारी बसले. सेल नाही, हे मी किती ठामपणे सांगितलं होतं! वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत आत काय भाजलं असेल? बाबांचं सगळं मी नीट आवरलं, आणि त्यांचं एकच जिवंत माणूस माझ्या हुशारीने जाणार होतं. माणूस म्हणजे कुत्रा. त्या वेळी फरक वाटत नव्हता.

आणि आई! पाच महिने, दर रविवारी सकाळी, ती माणूस नसलेल्या मशीनमध्ये नवा सेल घालत होती. बाबा असताना घालायची तसाच. आणि मी यादीवर रेघा मारत होते! मी तिचा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाले, "आई, तू हे सगळं एकटीने सोसलंस. मला का नाही सांगितलंस?"

"हो, हो," आई माशांकडे बघत म्हणाली.

मला हुंदका आला. "तुला त्यांची इतकी आठवण येते?"

"हो, हो."

तिच्या आवाजात काहीतरी होतं. किंवा नव्हतं. मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती प्रसन्नपणे मासे बघत होती. मी तितक्याच हळू म्हणाले, "आई, या छताला आग लागली आहे."

"हो, हो."

"आपण सगळे मरणार आहोत."

"हो गं," आई म्हणाली आणि माझा हात थोपटला.

"आई!" मी ओरडले. सशाचे गृहस्थ उठून सरळ रस्त्यावर गेले. "तुला ऐकू येत नाही?"

"हळू बोल की! चारचौघांत ओरडायचं का असं?" आई लाजेने लाल झाली होती. "घरात येतं सगळं ऐकू. तुम्ही बोलताच तसं. बाहेर जरा कमी येतं. आणि बारीक आवाज अजिबात नाही. पाखरं नाहीत, ती शिट्टी नाही. हल्ली दुपारी तुम्ही कामाला गेलात की मी यांचं मशीन लावून बसते. टिंब चालतो ना फरशीवर, त्याची नखं वाजतात. टिकटिक, टिकटिक. बरं वाटतं तेवढंच. नवा सेल लागतो पण त्याला, जुन्यावर चालत नाही."

दादा, आत्या आणि मी तिघंही आईकडे बघत राहिलो. पेटीतला एक मासा काचेपाशी आला, आमच्याकडे बघून त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि वळून गेला. त्याचंही बरोबर होतं. बोलण्यासारखं काही नव्हतं.

अर्ध्या तासाने दार उघडलं. डॉक्टरबाईंच्या हातात स्टीलची वाटी होती. "निघालं," त्या म्हणाल्या. "एका जागी थोडं भाजलंय. आठ दिवस औषध, आणि नुसतं पातळ खाणं. आणखी उशीर झाला असता तर मात्र अवघड होतं."

"वाचला का?" आईने विचारलं. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं, आणि मग त्या हळू आवाजाच्या बाई दवाखाना दणाणेल अशा आवाजात म्हणाल्या, "वाचला, आजी!" पेशंट ओळखायला त्यांना एक वाक्य पुरलं होतं. मला साडेअडतीस वर्षं पुरली नव्हती.

वाटीतलं मशीन फुगलं होतं, काळं पडलं होतं. मी ते मुठीत धरून पाहिलं. दादाने धरलं. वाजलं नाही.

आत टेबलावर टिंब भुलीत होता. जीभ एका बाजूला, डोळे अर्धे उघडे. त्याचे चारही पाय झोपेत हलके हलके धावत होते, आणि शेपटीचं टोक हलत होतं. कोणाच्या मागे निघाला होता, हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं. कोणी त्याला हाक मारली नाही. सावकाश येऊ दे, असं आई म्हणाली.

ती त्याच्या पोटावर हात ठेवून उभी होती. मी तिच्या कानाशी वाकून, आमच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "उद्या त्या केंद्रात जाऊ. मशीन द्यायला नव्हे, तुझ्यासाठी घ्यायला. पण आई, किती वर्षं झाली याला?"

"झाली असतील सहा-सात."

"सहा-सात वर्षं! आणि घरात एका माणसाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं की," आई म्हणाली. "पहिल्याच दिवशी तुझ्या बाबांना सांगितलं होतं."

"मग? काय म्हणाले बाबा?"

आई टिंबच्या पाठीवरचा काळा ठिपका बोटाने कुरवाळत राहिली.

"त्यांना ऐकूच आलं नाही."